कप चीजचा, हिशेब ग्रॅमचा

रुईच्या व्यापाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. 170 किलोची दाबलेली गाठ कोपऱ्यात मावते. तीच सोडून पिंजली तर खोली पुरत नाही. वजन तेच, जागा मात्र कितीतरी पट. म्हणून रुईचा भाव वजनावर ठरतो. चीजचेही तसेच आहे. हे ध्यानात न आल्यामुळे घरगुती ऑर्डर घेणाऱ्या भगिनींचा नफा हातचा जातो.

ओळखीच्या एका घरी पास्त्याच्या 20 ट्रेची ऑर्डर आली. कृती अमेरिकन पुस्तकातली. दर ट्रेला दोन कप किसलेले चेडर चीज. कप सुमारे 240 मिलिलिटरचा, म्हणजे 240 ग्रॅम, असे धरून 9 किलो 600 ग्रॅम माल आणला गेला. लागला फक्त साडेचार किलो. किलोला 500 रुपये धरले तरी अडीच हजारांचा नाशवंत माल फ्रिजमध्ये अडकला. ऑर्डरचा सारा नफा त्यातच गेला.

चूक कुठे झाली?

मिलिलिटर म्हणजे ग्रॅम, हे पाण्यापुरते खरे. चीज किसले की त्याच्या कीसात हवा शिरते. म्हणून एक अमेरिकन कप किसलेले चेडर भरते 113 ग्रॅम. त्याचेच लहान चौकोनी तुकडे केले तर त्याच कपात 132 ग्रॅम बसतात, आणि वितळवून ओतले तर 244 ग्रॅम. कप एक, चीज एक, वजने तीन!

इतर प्रकारांचे एका कपाचे अंदाजे वजन असे :

किसलेले मोझरेला – 112 ग्रॅम
किसलेले पार्मेझान – 100 ग्रॅम
चुरलेले फेटा – 150 ग्रॅम
क्रीम चीज – 232 ग्रॅम
रिकोटा – 246 ग्रॅम

यावरून उलटी चूकही समजेल. किसलेल्या चीजचा आकडा क्रीम चीजला लावला तर माल निम्माच पडतो आणि चीजकेक बिघडतो. किसणीही पाहावी लागते. बारीक छिद्रांच्या किसणीवर पार्मेझान कापसासारखे फुलते आणि कपात 100 ग्रॅमपेक्षा बरेच कमी बसते. शिवाय ऑस्ट्रेलियन पुस्तकातला कप 250 मिलिलिटरचा असतो, आणि आपल्या घरातील वाटीला तर काही मापच नसते.

उपाय सोपा आहे

इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा कप ठेवून आकडा शून्यावर आणावा. आपल्याच किसणीने किसलेले चीज न दाबता भरून वजन घ्यावे. असे तीनदा करून सरासरी काढावी आणि ती वहीत लिहून ठेवावी. पनीरला वरील आकडे लावू नयेत; त्याचे वजन वेगळे घ्यावे. पुढे प्रत्येक कृती ग्रॅममध्येच लिहावी.

बाजारात चीजच्या पाकिटावर निव्वळ वजन ग्रॅममध्ये छापलेले असते आणि पैसेही आपण वजनाचेच मोजतो. खरेदी वजनाने आणि वापर कपाने, असा दुहेरी हिशेब ज्या धंद्यात चालतो, तिथे तोटा कुठून आला हे मालकालाही उमगत नाही. चांगला काटा एकदाच घ्यावा लागतो. अंदाजाची किंमत मात्र दर ऑर्डरला मोजावी लागते.