मोटारीवरील माया

निर्जीव वस्तूवर माणसानें जीव लावावा कीं नाहीं, याविषयीं तत्त्ववेत्त्यांचें मत कांहींहि असो. आपल्या घरांतून तो लावला जातो, ही गोष्ट खरी. आजीचें जातें, आजोबांची आरामखुर्ची, लग्नांत आलेलें तांब्याचें घंगाळ, यांपैकीं कांहीं मोडींत घालावयाचें म्हटलें कीं घरांत कोणाचा तरी चेहरा उतरतो. मोटारीची गोष्ट मात्र किंचित् निराळी आहे. जातें एकीचें, खुर्ची एकाची; मोटार सबंध घराची. म्हणून तिच्यावरील मायेचा विचार करूं लागलें कीं एकत्र कुटुंबाचा विचार मागोमाग येतोच.

आपल्याकडे मोटार प्रथम आली ती संस्थानिक, व्यापारी आणि बडे डॉक्टर-वकील यांच्या दारीं. १९२८ सालीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें मुंबईस सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्यास आरंभ केला. पुढें सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून तिची पहिली मोटार बाहेर पडली. फियाटशीं करार झाला तो त्यानंतर. उत्तरपाड्याची अँबॅसडर, मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड आणि कुर्ल्याची फियाट, या तिघींतूनच मध्यमवर्गीय गृहस्थानें निवड करावयाची. निवड म्हणण्यापेक्षां प्रतीक्षा म्हणणें बरें. कारण नांव नोंदविल्यावर मोटार हातीं येण्यास वर्षेंच्या वर्षें लागत. मुलाच्या बारशास नोंदविलेली मोटार त्याच्या मुंजीस आली, असें म्हटलें तरी फारशी अतिशयोक्ति होत नसे. जिची इतकी वाट पाहिली ती दारांत आल्यावर तिचें कौतुक व्हावें, यांत नवल तें काय? आरंभींच्या गोलसर नाकाच्या फियाटला मुंबईकरांनीं ‘डुक्कर फियाट’ म्हणावें, तेंहि लाडानेंच!

आमच्या घरीं १९७१ सालीं फियाट ११०० आली, ती दुसऱ्याच्या हातची. आमचे आजोबा, अण्णा, यांनीं तिच्यावर कुंकवाचें स्वस्तिक काढविलें, चाकांखालीं लिंबें ठेविलीं आणि मगच तिला अंगणांत घेतली. १०८९ सी. सी. चें इंजिन, स्टिअरिंगपाशींच असलेला गिअरचा दांडा, आणि बांकासारखी सलग पुढची बैठक. आजच्या मुलांस हें सर्व विचित्र वाटेल. परंतु त्या सलग बैठकीमुळें पुढें तिघें सहज बसत, आणि लहानांस मांडीवर घेतलें म्हणजे एकंदर नऊ माणसें मावत.

तिची निगा हें घरचें सामाईक काम होतें. थंडीच्या सकाळीं चोक ओढून तिला जागी करावयाची तें मधल्या काकांनीं. पाणी आणि हवा पाहावयाची तें आमच्या वडिलांनीं. रविवारीं धुवावयाची तें आम्हां मुलांनीं. पेट्रोल किती घातलें, किती मैल झाले, तेल केव्हां बदललें, हें सर्व अण्णा एका वहींत लिहून ठेवीत. त्या काळच्या मोटारी घाट चढतांना तापत असत. खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या मोटारी नेहमींच दिसत, आणि त्यांत आमचीहि एक असे. इंजिन निवेपर्यंत आजी सतरंजी अंथरून दशम्या आणि चटणी काढी. कोल्हापूरच्या प्रवासांत देवदर्शनाइतकीच ही न्याहारी आम्हांस प्रिय होती.

धाकट्या काकूंनीं १९७६ सालीं मोटार चालविण्याचा परवाना काढला, तेव्हां आळींत थोडी कुजबुज झाली. अण्णा एवढेंच म्हणाले, “किल्ली खुंटीला आहे. जिला येतें तिनें न्यावी.” त्याच पावसाळ्यांत एका रात्रीं आजीच्या छातींत कळ आली. घरचीं पुरुषमाणसें परगांवीं गेलेलीं होतीं. काकूंनीं भर पावसांत गाडी काढून तिला इस्पितळांत पोंचविलें, आणि आजी वांचली. पुढच्या दसऱ्यास झेंडूची माळ गाडीला घालतांना आजीनें ती काकूंच्या हातीं दिली. तेव्हांपासून तो मान त्यांचा झाला.

१४ डिसेंबर १९८३ रोजीं पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. १०,००० रुपये अनामत ठेवून लाखाहून अधिक लोकांनीं नांवें नोंदविलीं होतीं. आमच्याकडे ती १९८८ सालीं आली. ७९६ सी. सी. चें लहानसें इंजिन, हलकें स्टिअरिंग, कोठेंहि सहज वळणारी! घरांतल्या दोन्ही काकू आणि कॉलेजांत जाणाऱ्या मुली तिच्यावर भराभर तयार झाल्या. तथापि तींत चौघेंच नीट बसत. “या खेपेस कोण येणार आणि कोण राहणार?” हा प्रश्न आमच्या घरीं तेव्हां प्रथम उद्भवला. लहान मोटारीमुळें कुटुंबें लहान झालीं असें आम्ही म्हणत नाहीं. दोहोंचें माप बदलण्याचा काळ एकच होता, एवढेंच. फियाटवर सर्वांची मिळून माया होती, आणि मारुतीवर ज्याची त्याची.

१९९३ सालीं अण्णा गेले. फियाट तेव्हांपासून अंगणांत आच्छादनाखालीं उभी राहिली. विकावयाचें नांव तिघां भावांपैकीं एकहि काढीना, आणि चालविण्यासहि कोणास सवड होईना. टायर बसले, उंदरांनीं वायरी कुरतडल्या, तळाला गंज चढला. असें नऊ वर्षें चाललें. अखेर आजीनेंच एके दिवशीं तिघांस बोलावून सांगितलें, “चालवणार असाल तर चालवा. नाहीं तर तिला जाऊं द्या. त्यांची आठवण म्हणून तिला अशी उपाशी उभी केलेली मला पाहवत नाहीं.” वीस वर्षें जे मिस्त्री तिची दुरुस्ती करीत आले त्यांनींच ती नेली. निघतांना आजीनें बॉनेटला हळदकुंकू लावलें. चार महिन्यांनीं मिस्त्री ती चालवीत पुन्हां दारीं घेऊन आले, आणि आजी पुढच्या बैठकीवर बसून गांवांत एक फेरी मारून आली.

ही हकीकत सांगण्याचें कारण असें कीं, आज अनेक वाड्यांत आणि सोसायट्यांत अशा मोटारी धूळ खात उभ्या आहेत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढें तपासणी होऊन ५-५ वर्षांसाठीं तिचें नूतनीकरण होतें. मालक निवर्तल्यास वारसाच्या नांवें नोंदणी करून घ्यावी लागते, आणि बहुधा येथेंच भावाभावांचें घोडें अडतें. मूळ स्वरूप राखलेल्या ५० वर्षांहून जुन्या मोटारीस २०२१ च्या नियमांनीं ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणीची सोय झाली आहे. मात्र रोजच्या वापरासाठीं ती नाहीं. ज्यांस हौस आणि ऐपत आहे त्यांनीं हा मार्ग जरूर धरावा. इतरांनीं अधिकृत केंद्रांत मोटार मोडींत द्यावी. तेथें मिळणाऱ्या दाखल्यावर नव्या मोटारीच्या करांत सवलत मिळते. मात्र निर्णय न घेणें यास माया म्हणूं नये.

आपल्या डोळ्यांदेखत कितीतरी मोटारी निरोप घेऊन गेल्या. मारुती ८०० आणि अँबॅसडर या दोहोंचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या फियाट, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनी, यांतील शेवटच्या टॅक्सीची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्यें संपली, तेव्हां जे कधीं मोटारीचे मालक नव्हते त्यांसहि हळहळ वाटली.

महाभारतांत युद्ध संपल्यावर श्रीकृष्णांनीं अर्जुनास रथांतून आधीं उतरावयास सांगितलें, आणि मागाहून ते स्वतः उतरले. त्याबरोबर तो रथ जळून भस्म झाला. द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनीं तो पूर्वींच दग्ध झाला होता. कार्य पुरें होईतों श्रीकृष्णांनीं तो धरून ठेविला होता. घरच्या मोटारीचेंहि असेंच आहे. लग्नें, बाळंतपणें, आजारपणें, यात्रा, यांतून तिनें आपणांस पार नेलें, कीं तिचें कार्य झालें. मग कृतज्ञतेनें उतरावें.

ठेवावयाचें तें निराळें असतें. अण्णांची ती वही आमच्या कपाटांत अजून आहे. १९७६ च्या पानावर, पेट्रोलच्या हिशेबाखालीं, त्यांच्या अक्षरांत एक ओळ आहे: “रात्रीं इस्पितळ. सूनबाईंनीं नेली.” वाचकांच्या घरीं जी मोटार आज उभी असेल, तिचीहि अशी एक वही कोणीतरी घालावी, अशी आमची सूचना आहे.