वर्गणीतून उभे राहिलेले रिंगण

अमेरिकेत रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या कसबाच्या जाहीर स्पर्धा, आणि मदतनिधी यांचे नाते जुने आहे. ह्यूस्टनचा मोठा रोडिओ १९३२च्या गुरांच्या प्रदर्शनातून वाढला आणि १९५७पासून विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देऊ लागला. म्हणजे आधी जत्रेचा जम बसला, मग देणगीला हात मोकळा झाला. नेवाडातल्या रीनो शहरात जन्मलेल्या गे रोडिओचा क्रम याच्या नेमका उलट आहे. ड्रॅगच्या, म्हणजे पुरुषांनी स्त्रीवेशात सादर केलेल्या, कार्यक्रमांतून पैसे उभे करणाऱ्या ‘इम्पिरियल कोर्ट’ या समलिंगी समाजाच्या संघटनेचा फिल रॅग्सडेल हा रीनोतला पहिला ‘सम्राट’. वृद्धांच्या थँक्सगिव्हिंग जेवणासाठी पैसे कसे जमवावेत, या विवंचनेतून १९७५मध्ये त्याला रोडिओ सुचला. समलिंगी माणसांविषयीच्या ठरीव समजुतींना धक्का द्यावा, हाही हेतू होताच. मदतनिधी हा या खेळाचा पाया होता. तो प्रांतोप्रांती का पसरला, याचे उत्तरही मला तिथेच दिसते.

पहिला रोडिओ २ ऑक्टोबर १९७६ रोजी झाला. आसपासचे गुरेवाले या मंडळींना जनावरे द्यायला तयार नव्हते. अगदी आदल्या दिवशी पाच गाई, दहा वासरे, एक डुक्कर आणि एक शेटलंड तट्टू एवढा जामानिमा हाती लागला. तरी सव्वाशेवर माणसे सहभागी झाली. पुढच्या वर्षांत स्नायूंच्या दुर्धर आजाराच्या रुग्णांसाठी इथून पैसे गेले. मग १९८३मध्ये टेक्सासची संघटना निघाली, पाठोपाठ कोलोराडो, कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाच्या. १९८५मध्ये त्यांची शिखर संस्था झाली. प्रत्येक प्रांताची संघटना वेगळी असण्याचे मोल मोठे होते. कोलोराडोतल्या डेन्व्हरमध्ये जमलेला डॉलर डेन्व्हरच्याच कामी येतो, हे देणाऱ्याला डोळ्यांनी दिसते. पैसा मुख्यतः बारमधल्या वर्षभराच्या संध्याकाळींतून येई. गाणे चालू असताना लोक कलाकाराच्या हातात नोटा ठेवत आणि त्या थेट निधीच्या डब्यात जात. एड्सची साथ आली आणि सरकार ढिम्म बसून राहिले, तेव्हा हिशेब ठेवणारी, हाकेला धावणारी, एकमेकांवर विश्वास असलेली ही माणसे तयार होती. आजाऱ्यांना घरभाडे, औषधे, जेवण पुरवायला नवी यंत्रणा उभारत बसावे लागले नाही, ही मला या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

हा सगळा दानधर्म म्हणजे प्रतिष्ठा विकत घेण्याची खटपट, असा एक आक्षेप घेता येईल. पण तसा सौदा असता तर तो केव्हाच फसला असता. १९८८मध्ये खुद्द नेवाडात शिखर संस्थेची अंतिम स्पर्धा न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे झाली नाही. बारा वर्षांच्या मदतीने त्या मातीत साधी परवानगीही मिळवून दिली नाही, आणि तरीही संघटना पैसे जमवत राहिल्या.

दुसरा आक्षेप जनावरांचा, आणि तो जड आहे. इथे वासराला आडवे पाडून बांधण्याची स्पर्धा नसते. ‘गोट ड्रेसिंग’मध्ये दोघे जण धावत जातात आणि खुंट्याला बांधलेल्या शेळीच्या मागच्या पायांतून चड्डी चढवून परत पळत येतात, दुसऱ्या एका खेळात एक जण दोर ओढतो आणि त्याचा जोडीदार गोऱ्ह्याच्या शेपटीला फीत बांधतो. स्त्री-पुरुष सर्व प्रकारांत उतरतात. पण याच रिंगणात माणसे बैलावर बसतात, गोऱ्ह्याची मान मुरगाळून त्याला लोळवतातही. चांगल्या कामासाठी पैसे जमले म्हणून जनावराची भीती कमी होत नाही. निधीसाठी हे चालवून घ्यावे, असा युक्तिवाद कोणी केला तर तो मला मान्य नाही.

मात्र निधीचा झरा कुठे आहे, हे पाहिले की या प्रश्नाला वाट फुटते. अलीकडे स्पर्धा घटल्या आहेत, तरुणांना भेटायला दुसऱ्या जागा आहेत आणि जनावरांचे भाडे, विमा, मैदान यांचा खर्च आधी भागवावा लागतो. तो भागला नाही तर वाटायला काहीच उरत नाही. पैसा आणतात त्या बारमधल्या संध्याकाळी आणि वर्षभर राबणारे ‘मिस्टर’, ‘मिस’सारख्या किताबांचे मानकरी, बैल मुख्यतः खर्चच वाढवतो. बैलावर बसण्याचे आणि गोऱ्हा लोळवण्याचे प्रकार उद्या वगळले, तरी डब्यात पडणाऱ्या नोटा फारशा कमी होतील असे मला वाटत नाही. संघटनांनी हा बदल स्वतःहून करावा.