कात टाकलेला ‘ऑब्लिव्हियन’

रीमास्टर म्हणजे जुन्या व्हिडिओ गेमचा मूळ सांगाडा तसाच ठेवून त्याचे चित्र, आवाज आणि चालवण्याच्या सोयी आजच्या यंत्रांना साजेशा करणे. रीमेकमध्ये सांगाडाही नव्याने उभारतात. जुन्यातून कथा, पात्रे आणि नाव एवढेच घेतात. भिवंडीच्या यंत्रमागधारकाला हा फरक वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतच सुरू झालेल्या केंद्राच्या ‘पॉवरटेक्स इंडिया’ योजनेत साध्या मागाला जागच्या जागी सुधारित भाग बसवण्यासाठी अनुदान होते. उभा धागा तुटला की माग आपोआप थांबावा, अशी जोडणी त्यात येते. आडवा धागा नेणारा धोटा मात्र तोच राहतो आणि खडखडाटही तोच. तो माग काढून बिनधोट्याचा रेपिअर माग बसवला, तर धोट्याचे कामच संपते. पहिला प्रकार रीमास्टरचा, दुसरा रीमेकचा. विक्रेते हे दोन्ही शब्द सोयीप्रमाणे वापरतात, त्यामुळे हातात आलेला गेम नक्की कोणत्या जातीचा, हे पारखणाऱ्याने आधी पाहावे.

रोल-प्लेइंग गेमच्या बाबतीत ही पारख जरा अवघड होते. या प्रकारात खेळणारा एक पात्र घडवतो: ते तलवार चालवेल की मंत्र, चोरपावलांनी फिरेल की गोड बोलून काम काढेल, हे तो ठरवतो आणि पुढचे पन्नास-शंभर तास त्या निवडीची फळे भोगतो. शर्यतीच्या गेममध्ये चित्र सुधारले की निम्मे काम होते. इथे खरा गेम आकड्यांच्या आणि नियमांच्या जाळ्यात असतो आणि ते जाळे जाहिरातीच्या चित्रफितीत दिसत नाही.

‘द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन’ हे याचे अलीकडचे सर्वांत ठळक उदाहरण. बेथेस्डा गेम स्टुडिओजचा हा गेम मार्च २००६ मध्ये आला. सिरोडील नावाच्या प्रांतात मोकळे हिंडण्याची मुभा, बादशहाला पॅट्रिक स्ट्युअर्टचा आवाज, आणि मुख्य कथानक बाजूला टाकून भलत्याच वाटेने जाण्याचे स्वातंत्र्य, यांमुळे तो एका पिढीच्या मनात घर करून बसला. त्याचा रीमास्टर व्हर्चुओस या कंपनीने बेथेस्डासोबत तयार केला. २२ एप्रिल २०२५ रोजी त्याची घोषणा झाली आणि त्याच दिवशी तो विक्रीलाही आला.

त्याची बांधणी दुहेरी आहे. पडद्यावर दिसणारे सारे अनरिअल इंजिन ५ रंगवते. आत मात्र २००६ चेच जुने इंजिन चालते. कोण कुठे उभे आहे, वार किती लागला, पहारेकऱ्याने चोरी पाहिली की नाही, हे सगळे तेच ठरवते. म्हणूनच भिंतीत अडकणारी प्रेते आणि एकमेकांशी असंबद्ध बोलणारे नागरिक नव्या रूपातही भेटतात. तंडिल्वे नावाच्या पात्राचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. मूळ गेममध्ये तिचे एक वाक्य ध्वनिमुद्रणात चुकले होते, आणि ‘थांबा, पुन्हा घेते’ अशा अर्थाचे अभिनेत्रीचे बोलणे तसेच विक्रीच्या प्रतीत गेले. रीमास्टरसाठी अनेक संवाद नव्याने ध्वनिमुद्रित झाले, पण ही चूक जाणूनबुजून राखली. चाहत्यांना काय प्रिय आहे, याची जाण रीमास्टर करणाऱ्यांना होती, हे एवढ्यावरून कळते.

नियमांत केलेला मोठा बदल पात्राच्या वाढीचा. मूळ गेममध्ये २१ कौशल्यांपैकी सात मुख्य म्हणून निवडायची. त्यांत मिळून दहा वेळा वाढ झाली आणि पात्र झोपले, की पातळी एकाने वाढे. त्या वेळी ताकद, चपळाई वगैरे तीन गुण वाढवता येत. पण कोणता गुण किती वाढणार, एक की पाच, हे मधल्या काळात त्या गुणाशी जोडलेली कौशल्ये किती वापरली यावर अवलंबून असे. परिणामी हिशेबी खेळाडू वही-पेन घेऊन बसत आणि पाचाचा आकडा गाठण्यासाठी मुद्दाम खेकड्यांचा मार खात उभे राहत. त्यातच शत्रूही खेळाडूच्या पातळीबरोबर बलवान होत. ज्याने गोड बोलणे आणि औषधी बनवणे यांतच पातळी वाढवली, त्याच्यासमोर रस्त्यावरचा साधा दरोडेखोर मौल्यवान काचेचे चिलखत घालून उभा राही आणि त्याला सहज लोळवी.

रीमास्टरमध्ये प्रत्येक पातळीला सरळ १२ गुणांक मिळतात, ते तीन गुणांत वाटायचे. मुख्य नसलेली कौशल्येही आता पातळी वाढायला हातभार लावतात. धावण्याची सोयही आली. या दुरुस्तीने मूळ कल्पना न मोडता तिच्यातली कटकट काढली, हे तिचे खरे यश. शत्रूंची पातळी खेळाडूबरोबर वाढण्याची पद्धत मात्र बव्हंशी कायम राहिली, आणि ती आजही खटकते. रंगांबाबतही कुरकुर झाली. २००६ चे सिरोडील हिरवेगार, किंचित भडकच होते. नवे अधिक खरे दिसते, पण त्यावर मातकट छटा चढली आहे. जुन्या हिरवाईत एक भाबडी परीकथा होती, ती इथे हरवली. चित्र जितके खरे होते तितके ते मूळच्या जवळ जातेच असे नाही.

तुलनेची सर्वांत प्रामाणिक सोय ‘डायब्लो २: रिसरेक्टेड’ने दिली. जून २००० च्या या गेमचा रीमास्टर सप्टेंबर २०२१ मध्ये आला. संगणकावर खेळताना ‘जी’ हे एक बटण दाबले की नवे चित्र जाऊन जुने येते, तेही चालू लढाईत. नव्या सावल्यांआड जुना पिक्सेल न पिक्सेल जागेवर आहे की नाही, हे कोणालाही स्वतः तपासता येते. ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या सहा भागांचे पिक्सेल रीमास्टर २०२१-२२ मध्ये आले, तेव्हा वाद पेटला तो अक्षरांवरून. बारीक, किरटी अक्षरे जुन्या चित्राशी विसंगत होती. २०२३ च्या कन्सोल आवृत्तीत जुन्या धाटणीची अक्षरे आणि मूळ संगीत निवडण्याची सोय द्यावी लागली. ज्या गेममध्ये निम्मा वेळ वाचण्यात जातो, तिथे अक्षर ही किरकोळ बाब नव्हेच.

महाराष्ट्राचाही या धंद्याशी थेट संबंध आला. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गेमचा रीमेक युबिसॉफ्टने पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिला होता. तो रोल-प्लेइंग प्रकारातला नव्हे, पण त्याची कथा भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने सुरू होते आणि नायिका फराह ही त्याच महाराजाची मुलगी, त्यामुळे योग जुळला होता. सप्टेंबर २०२० मध्ये झलक आली आणि चेहरे सपाट, चित्र जुनाट अशी टीकेची झोड उठली. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे. मे २०२२ मध्ये काम मूळ गेम घडवणाऱ्या माँट्रियलच्या स्टुडिओकडे सोपवले गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने प्रकल्पच रद्द केला. हा गेम हातात घेऊन कोणी खेळून पाहण्याआधीच, काही मिनिटांच्या चित्रफितीवरून त्याचा निकाल लागला होता.

खर्चाची बाजूही पारखीचाच भाग. ‘ऑब्लिव्हियन’च्या रीमास्टरला संगणकावर १२५ जीबी जागा लागते, रोज दोन जीबी देणाऱ्या मोबाइल पॅकवर तो उतरवायचा तर दोन महिने पुरणार नाहीत. १६ जीबी रॅम आणि वेगळे ग्राफिक्स कार्डही हवे. चांगल्या यंत्रावरसुद्धा मोकळ्या रानात फिरताना चित्र अडखळते, ही तक्रार सुरुवातीपासूनची. स्टीम या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. मात्र ‘ऑब्लिव्हियन’ची सुरुवात अंधाऱ्या तुरुंगात आणि भुयारात होते. आपल्या यंत्राला गेम झेपतो का, हे पाहायचे तर रेंगाळत न बसता भुयार ओलांडून उघड्यावर यावे.

२००६ ची मूळ आवृत्ती अजून विकत मिळते. ती साध्या लॅपटॉपवर चालते. चाहत्यांनी वीस वर्षांत रचलेले हजारो फेरफार तिच्यासाठीच आहेत; रीमास्टरला बेथेस्डाने असे फेरफार करण्याची अधिकृत सोय दिलेली नाही.