नाव सांगेपर्यंत

पहिला दिवस केसांचा. रस्त्यावरून आणलेल्या माणसाच्या डोक्यावर वर्षानुवर्षांची जट असते. तिच्यात उवा, माती, काडीकचरा, आणि कधी तिच्याखालीच चिघळलेली जखम. अंगावर एकावर एक चढवलेले चार-पाच कपडे, काखेत चिंध्यांचं गाठोडं. ते गाठोडं हिसकून घ्यायचं नसतं. आपल्याला त्यात कचरा दिसतो, त्याचा तो संसार असतो. आंघोळ होईपर्यंत ते त्याच्या नजरेसमोर ठेवलं, तर अंगावर पाणी घेताना तो जरा कमी घाबरतो.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर, चिखली तालुक्यातल्या पळसखेड सपकाळ इथे नंदकुमार आणि आरती पालवे या दाम्पत्याचं सेवा संकल्प प्रतिष्ठान अशाच माणसांना सांभाळतं. रस्त्यावर भटकणारे, घरचं कुणी सोबत नसलेले मनोरुग्ण. वृद्धाश्रमात येणाऱ्या माणसाजवळ निदान एक पिशवी आणि एक फोन नंबर असतो. इथे येणाऱ्याजवळ बहुधा स्वतःचं नावही नसतं.

ही माणसं या जिल्ह्यात येतात कुठून? घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून मुंबई-हावडा रेल्वेमार्ग जातो. कुठल्या तरी गाडीत चढलेला माणूस कुठल्याही फलाटावर उतरतो. दुसरीकडे पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा. बाहेरची बाधा उतरावी म्हणून मनोरुग्णांना तिथे आणतात आणि होळीच्या यात्रेला तर दूरदूरच्या कुटुंबांची रीघ लागते. त्यामागच्या श्रद्धेला मी हसणार नाही. सगळे उपाय थकल्यावर माणूस जिथे आशा दिसेल तिथे जातो. पण कधी कधी घरचे परततात आणि रुग्ण मागे उरतो. राज्यातली प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. चिखलीहून नागपूर तीनशे किलोमीटरहून दूर. एवढ्या अंतरात एखाद्या गावाजवळ अशा माणसासाठी दार उघडं असणं, याची किंमत मोजता येणार नाही.

पुन्हा केसांकडे येतो, कारण अशा घराची खरी परीक्षा तिथेच होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचाराच्या ठिकाणी सक्तीने मुंडण करायला मनाई केली आहे. गणवेशाची सक्ती नाही, आणि साखळीने बांधणं तर कोणत्याही रूपात नाही. बांधलेल्या माणसाचं काय होतं, हे ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवलं. एका झोपडीवजा आश्रमात आग लागली आणि साखळदंडातले २८ मनोरुग्ण जागचे हलूही शकले नाहीत. म्हणून जट कापायची तीही समजूत काढून. आज कात्री पाहू द्यायची, उद्या एक बट, परवा उरलेली. सेवकाचे दोन दिवस मोडतात, पण तिसऱ्या दिवशी रुग्ण आपणहून मान पुढे करतो. जखमेत अळ्या पडल्या असतील तर मात्र थांबून चालत नाही. टर्पेंटाइनचा बोळा धरून त्या बाहेर काढाव्या लागतात आणि तो वास पुढे दिवसभर हाताला राहतो.

जेवणाचंही शास्त्र आहे. फार दिवस उपाशी राहिलेल्याला मायेपोटी ताट भरून वाढलं, तर रक्तातल्या क्षारांचा तोल ढळून जीवावर बेतू शकतं. आधी थोडी पेज, मग मऊ खिचडी, आठवडाभराने भाकरी. भाकरी लपवून ठेवणारे पुष्कळ. उशीखाली वाळलेले तुकडे सापडले म्हणून कुणी रागावायचं नसतं. उद्याही जेवण मिळणार, हे त्या माणसाला पटायला काही महिने लागतात.

नाश्ता झाला की गोळ्यांची रांग. प्रत्येकाच्या हातावर गोळी, मग पाणी, मग "आ करा बाबा, जीभ वर करा मावशी". गोळी गालात धरून बाहेर थुंकणारे असतात. त्यांना दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन सोयीचं पडतं. या औषधांनी भ्रम आणि भास आटोक्यात येतात, पण कुणाचे हात-पाय ताठरतात, कुणाच्या तोंडातून लाळ गळते, वजन वाढतं. काही औषधांनी घाम कमी येतो. बुलढाण्याच्या उन्हाळ्यात त्याचा अर्थ फार गंभीर आहे. शरीर तापत राहतं आणि माणूस पाणी मागत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यात तांब्या घेऊन फिरणारा माणूस डॉक्टरइतकाच महत्त्वाचा.

आणि पाणी हाच अशा घराचा मोठा खर्च. अंथरुणात लघवी करणारे, कपडे घाण करणारे असतात. रोज सकाळी चादरींचा ढीग पडतो. पावसाने ओढ दिली की इथल्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे धुणं कसं निघत असेल याचा विचार देणगीची पावती फाडताना कुणी करत नाही. अन्नदान करणारे भेटतात. वाढदिवसाला जिलेबी येते, आणि ती आनंदाने खाल्लीही जाते. साबण, डायपर, फिटच्या गोळ्या, रात्रपाळीच्या सेविकेचा पगार हे द्यायला फार थोडे पुढे येतात. माझ्या मते यातच आपल्या दानतीची उणीव आहे.

२३ फेब्रुवारी १८७८ रोजी याच जिल्ह्यात, शेगावात, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाणारा एक तरुण लोकांना दिसला. काहींनी पिसा म्हटलं. बंकटलाल अग्रवाल थांबले, त्यांनी विचारपूस केली. पुढे त्याच तरुणापुढे गजानन महाराज म्हणून सारा वऱ्हाड नमला. संताची आणि रुग्णाची तुलना मी करत नाही. मी बंकटलालांच्या थांबण्याबद्दल बोलतो आहे.

औषध लागू पडलं की एखाद्या दुपारी नाव येतं. आधी नुसतं नाव, मग आईचं, मग गावाजवळची नदी, आठवडी बाजाराचा वार. कुणी बंगालीत बोलतं, कुणी भोजपुरीत, कुणी तेलुगूत. त्या तुकड्यांवरून पोलीस ठाणं शोधायचं, तिथे फोटो पाठवायचा, व्हिडिओ कॉल लावायचा. डॉ. भरत आणि स्मिता वाटवानी यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने हजारो माणसं अशी घरी पोचवली. त्याच कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८ चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण परतणं म्हणजे शेवट नव्हे. घरी गेल्यावर "आता बरा झालाय की" म्हणून गोळ्या बंद होतात, आणि माणूस पुन्हा रस्त्यावर येतो. काहींना घरच नको असतं, काही घरांना माणूस नको असतो. ते इथेच राहतात. भाजी निवडतात, झाडांना पाणी घालतात, नव्याने आलेल्याच्या शेजारी बसतात.

वाचकांना एक विनंती आहे. घरी कुणाचं औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं. आणि रस्त्यावर असं कुणी दिसलं तर ११२ ला फोन करा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० प्रमाणे त्या माणसाला संरक्षणात घेणं, २४ तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणं आणि त्याच्या घरच्यांचा शोध घेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. गाडी येईपर्यंत त्याला पाणी द्या. गाठोड्याला हात लावू नका.