नोंदी घर बदलतात तेव्हा

शाळेचे जनरल रजिस्टर भरत आले की नवे उघडावे लागते. समजा, एखाद्या शाळेत कोणीतरी मोठ्या उत्साहाने जुन्या रजिस्टरातील सगळी नावे नव्यात सुवाच्य अक्षरात उतरवून काढली आणि पाने नीट दिसावीत म्हणून सर्वांना १ पासून नवे क्रमांक दिले. एकही नाव गळले नाही, एकही जन्मतारीख चुकली नाही. मग जुने रजिस्टर रद्दीत घातले. काही वर्षांनी एक माजी विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत मागायला आला. त्याच्याजवळच्या जीर्ण कागदावर रजिस्टर क्रमांक आहे २१४. नव्या रजिस्टरात २१४ क्रमांकावर मात्र भलत्याच मुलीचे नाव!

चूक कुठे झाली? उतरवण्यात तर नाही. चूक झाली ती ‘उतरवणे म्हणजेच हलवणे’ असे समजण्यात.

संगणकाच्या जगात ही अडचण रोजची आहे. अनेक माणसे मिळून एखादे मोठे काम करतात तेव्हा कामांची यादी ठेवणारी एखादी प्रणाली वापरतात. रेडमाइन, जिरा, ट्रेलो ही अशा काही प्रणालींची नावे. त्यात प्रत्येक कामाची एक नोंद असते: तिचा क्रमांक, काम कोणाकडे आहे, कधी संपवायचे, कुठवर आले, त्यावर कोण काय म्हणाले. काही वर्षांनी जुनी प्रणाली अपुरी पडू लागते आणि सगळ्या नोंदी नव्या प्रणालीत न्यायचे ठरते. यालाच माहितीचे स्थलांतर म्हणतात. ते कसे आखायचे हे समजून घेण्यासाठी एक खरे उदाहरण पाहू.

पायथॉन ही संगणकाची भाषा पुष्कळांना ठाऊक असेल. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात ती शिकवली जाते. १९९१ साली खीदो फान रोसम यांनी ती पहिल्यांदा सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून जगभरचे लोक तिच्यातील दोष शोधतात, कळवतात आणि दुरुस्त करतात. या दोषांची यादी २००७ पासून ‘राउंडअप’ नावाच्या प्रणालीत ठेवली जात होती. पायथॉनचा मूळ प्रोग्रॅम २०१७ मध्येच ‘गिटहब’ या ठिकाणी हलवला होता. म्हणजे काम एकीकडे आणि कामाची यादी दुसरीकडे! अखेर एप्रिल २०२२ मध्ये यादीही गिटहबवर नेण्यात आली. नोंदी पन्नास हजारांहून अधिक होत्या.

पहिली अडचण क्रमांकांचीच. दोषांच्या नोंदी आणि दुरुस्तीचे प्रस्ताव या दोन्हींना गिटहब एकाच माळेतले क्रमांक देते. पाच वर्षांत तिथे आलेल्या प्रस्तावांमुळे ही माळ बत्तीस हजारांच्या पुढे गेली होती. मग जुन्या यादीतील १२३४५ क्रमांकाचा दोष नव्या घरी १२३४५ कसा राहणार? ती जागा आधीच भरलेली. सगळ्या नोंदींना नवे क्रमांक घ्यावे लागले. पण जुने क्रमांक तर प्रोग्रॅममधल्या टिपांत, बदलांच्या इतिहासात, लोकांच्या पत्रव्यवहारात हजारो ठिकाणी लिहून ठेवलेले!

यावरचा उपाय साधाच होता. जुनी यादी पुसली नाही, फक्त तिच्यात नवे काही लिहिणे बंद केले. जुन्या नोंदीच्या पानावर ‘ही नोंद आता इथे आहे’ अशी पाटी लावली. शिवाय जुन्या क्रमांकामागे ‘बीपीओ’ आणि नव्यामागे ‘जीएच’ अशी अक्षरे लिहिण्याची पद्धत आहे. त्यामुळे कोणता क्रमांक कोणत्या रजिस्टरातला हे पाहताक्षणी कळते. आपल्या त्या शाळेने जुन्या आणि नव्या क्रमांकांची जोडयादी ठेवली असती, तर माजी विद्यार्थ्याला हात हलवत परत जावे लागले नसते.

दुसरी अडचण रकान्यांची. राउंडअपमध्ये प्रत्येक दोषासाठी प्रकार, टप्पा, प्राधान्य, निकाल असे वेगवेगळे रकाने होते. गिटहबमध्ये इतके रकाने नव्हते. नोंद एक तर उघडी नाही तर बंद, बाकी सारे चिठ्ठ्या डकवून सांगायचे. तेव्हा कोणत्या रकान्याची चिठ्ठी करायची आणि कोणता सोडायचा हे आधी ठरवावे लागले. जे नव्या चौकटीत बसले नाही ते प्रत्येक नोंदीत एका मिटलेल्या चौकोनात मजकूर म्हणून ठेवले. हव्या त्याने तो उघडून पाहावा.

तिसरी अडचण माणसांची, आणि आम्हाला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या यादीत लिहिणाऱ्या कित्येकांचे गिटहबवर खाते नव्हते, किंवा असले तरी जुन्या नावाशी जोडलेले नव्हते. मग त्यांनी लिहिलेले कोणाच्या नावावर टाकायचे? गिटहबमध्ये अशा वेळी त्या माणसाच्या जागी एक पुतळा उभा करतात. त्याला कपड्यांच्या दुकानातील पुतळ्याचेच इंग्रजी नाव आहे, ‘मॅनिकिन’. लिहिणाऱ्याचे नाव पुतळ्यावर राहते. नाही तर कोणीतरी विनामोबदला केलेले काम एका रात्रीत बेवारस झाले असते.

याखेरीज आणखी एक धोका आहे, आणि तो गुपचूप येतो. नोंद पोचते, पण वाटेत तिचा अर्थ बदलतो. ०५/०६/२०११ ही जन्मतारीख आपल्याकडे ५ जून. महिना आधी लिहिणाऱ्या अमेरिकन पद्धतीत ती ६ मे होते. संगणक तक्रार करत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्याच. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर तसाच नव्या प्रणालीत टाकला, तर चिन्हांचा गोंधळ दिसतो. तो निदान डोळ्यांना खुपतो. तारखेची चूक खुपतही नाही. एक्सेलच्या तक्त्यात ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ ही मानवी जनुकांची संक्षिप्त नावे इंग्रजीत लिहिली की त्यांच्या तारखा होत असत. हा घोळ संशोधन-निबंधांपर्यंत पोचला. शेवटी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने नावेच बदलली. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले, ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’. या बदलाचे नियम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

मग स्थलांतराची आखणी कशी करावी? बहुतेक जण ‘काय काय न्यायचे?’ या प्रश्नापासून सुरुवात करतात. आम्ही सुचवू की, सुरुवात ‘नव्या घरी कोणकोणत्या प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत?’ इथून करावी. हे प्रश्न आधी कागदावर लिहावेत. ‘हे काम कोणी केले?’, ‘निर्णय कधी झाला आणि का?’, ‘जुना क्रमांक २१४ आता कुठे आहे?’ प्रश्न लिहिले की कोणता रकाना जपायचा आणि कोणता सोडायचा हे आपोआप स्पष्ट होते. मग जुन्या-नव्या रकान्यांची जोडयादी करावी. थोड्या नोंदी नेऊन रंगीत तालीम घ्यावी आणि त्यासाठी मुद्दाम अडचणीच्या नोंदी निवडाव्यात: सर्वांत जुनी, सर्वांत लांब, रकाने रिकामे असलेली, जोडाक्षरांनी भरलेली. प्रत्यक्ष हलवण्याच्या दिवशी जुन्या ठिकाणी लिहिणे थांबवावे, नाही तर दोन्हीकडे वेगवेगळे बदल होतात. शेवटी मोजणी करावी. पण मोजणी जुळली म्हणून समाधान मानू नये. आपल्या त्या रजिस्टरातली मोजणीही जुळलीच होती! आधी लिहिलेले प्रश्न पुन्हा काढून एकेकाचे उत्तर शोधावे, आणि ते मिळेपर्यंत जुन्याला हात लावू नये.

हा प्रयोग वर्गात सहज करता येतो. वर्ग-ग्रंथालयाच्या वहीतल्या वीस नोंदी घ्या. पहिल्या गटाने त्या नोंदींवरून दहा प्रश्न तयार करून पाकिटात बंद करावेत. दुसऱ्या गटाने नोंदी वेगळे रकाने असलेल्या नव्या वहीत उतरवाव्यात. तिसऱ्या गटाने फक्त नवी वही पाहून प्रश्नांची उत्तरे द्यावीत. जे प्रश्न अडतील त्यांची यादी फळ्यावर करा आणि त्या प्रत्येकासाठी काय हरवले ते मुलांनाच शोधू द्या. मग दुसऱ्या गटाला प्रश्न आधी दाखवून तेच काम पुन्हा करायला सांगा. दोन्ही वेळच्या नव्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या की आखणी म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.