स्क्रीनची कुंडली

एकच दुकान, एकच मॉडेल, एकच किंमत. तरीही तुमच्या आणि तुमच्या मित्राच्या लॅपटॉपची स्क्रीन वेगवेगळ्या कंपन्यांची असू शकते. कॉम्प्युटरला हे कळतं कसं?

लॅपटॉप घेताना आपण काय काय बघतो? प्रोसेसर, रॅम, बॅटरी, वजन आणि हो, ईएमआय! स्क्रीनचं मात्र 'फुल एचडी आहे ना? मग झालं' एवढ्यावर भागतं. पण बॉस, ज्या वस्तूकडे आपण दिवसाचे दहा-दहा तास टक लावून बघतो ती बनवली कुणी, असा प्रश्न कधी पडतो का? झाकणावर ज्या कंपनीचं नाव असतं, तिने बहुतेक वेळा ती बनवलेली नसते.

आतलं पॅनेल बनवणारी मंडळी वेगळीच असतात. चीनची बीओई, तैवानच्या एयूओ आणि इनोलक्स, कोरियाच्या एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले, जपानची शार्प. लॅपटॉप कंपनी एका मॉडेलसाठी यातल्या दोघा-तिघांकडून माल घेते. साधा हिशोब आहे. लग्नात जिलेबीची ऑर्डर एकाच हलवायाला दिली आणि तो ऐन वेळी आलाच नाही तर? म्हणून दुसरा हाताशी ठेवायचा. साइज तोच, रिझोल्युशन तेच, खोक्यावरचं नावही तेच. आतला माल मात्र वेगळा.

मी पोटापाण्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हरच्या कोडमध्ये डोकं घालते. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा तो भाग, जो स्क्रीनशी बोलतो. आणि खरं सांगू? माझं अर्धं काम 'समोर नक्की कोण आहे' हे ओळखण्याचंच असतं.

नशिबाचा खेळ

हा प्रकार सगळ्या जगाला कळला तो २०१२ मध्ये. अॅपलने रेटिना डिस्प्लेचा पहिला मॅकबुक प्रो आणला. काहींच्या मशीनमध्ये एलजीचं पॅनेल होतं, काहींच्या सॅमसंगचं. थोड्याच दिवसांत एलजीचं पॅनेल निघालेले बरेच जण तक्रार करू लागले की, विंडो बंद केली तरी तिचा पुसटसा ठसा स्क्रीनवर रेंगाळतो. मग काय, लोक टर्मिनल उघडून, एक कमांड देऊन आपलं पॅनेल तपासायला लागले. मॉडेल नंबर 'एलपी'ने सुरू झाला तर एलजी, 'एलएसएन'ने सुरू झाला तर सॅमसंग. एवढे पैसे मोजायचे आणि वर लॉटरीचं तिकीट! २०१३ मध्ये हे प्रकरण अमेरिकेत कोर्टापर्यंत गेलं.

आता गंमत बघा. त्या कमांडला उत्तर कुणी दिलं? पॅनेलने स्वतःच!

१२८ बाइट्सची पत्रिका

जवळजवळ प्रत्येक मॉनिटर आणि लॅपटॉपच्या पॅनेलमध्ये एक चिमुकली मेमरी असते. तिच्यात स्क्रीनची जन्मपत्रिका लिहिलेली असते. तिचं नाव ईडीआयडी. व्हेसा या संस्थेने १९९४ मध्ये हे स्टँडर्ड आणलं. मूळ पत्रिका फक्त १२८ बाइट्सची. व्हॉट्सअॅपवरचा गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा याच्या शेकडो पट मोठा असतो!

पहिले आठ बाइट्स ठरलेले, म्हणजे आपल्या 'श्री गणेशाय नमः'सारखे. मग बनवणाऱ्याची तीन इंग्रजी अक्षरं, फक्त दोन बाइट्समध्ये कोंबलेली. पुढे प्रॉडक्टचा कोड, सीरियल नंबर, आणि मग चक्क जन्माचा आठवडा आणि वर्ष. वर्ष मोजायचं ते १९९० पासून. शेवटचा बाइट असा निवडलेला असतो की, सगळ्यांची बेरीज २५६ ने पूर्ण भागली जावी. नाही गेली, तर पत्रिकेत गडबड आहे असं समजायचं.

त्या तीन अक्षरांतही किस्से दडलेत. एलजीचा मॉनिटर स्वतःची ओळख 'जीएसएम' अशी करून देतो. मोबाइलशी काही संबंध नाही हं! कंपनी १९९५ मध्ये एलजी झाली. त्याआधीचं नाव गोल्डस्टार, तेच अजून पत्रिकेत शिल्लक आहे. सासरी नाव बदललं तरी दहावीच्या सर्टिफिकेटवर माहेरचंच राहतं ना, तसं.

काही पत्रिका चुकीच्याही असतात. म्हणून लिनक्सच्या ग्राफिक्स कोडमध्ये खास मॉडेल्सची वेगळी यादी ठेवलेली आहे: हा मॉनिटर स्वतःबद्दल असं म्हणेल, पण विश्वास ठेवू नका! त्याच यादीत व्हीआर हेडसेटही आहेत. नाहीतर कॉम्प्युटर त्यांना दुसरा मॉनिटर समजून तुमच्या एक्सेल शीट्स तिकडे पसरून ठेवेल.

घाई नको!

ओळख पटवायची एवढी धडपड कशाला? कारण प्रत्येक पॅनेलचा स्वभाव वेगळा. वीज दिल्यावर ते तयार व्हायला किती वेळ घेतं, चित्र पाठवल्यावर ते दिसण्याजोगं व्हायला किती थांबायचं, एकदा बंद केलं की पुन्हा चालू करायच्या आधी किती दम घ्यायचा... हे सगळं मिलिसेकंदांत ठरलेलं असतं, आणि ते पत्रिकेत नसतं. घाई केली तर स्क्रीनवर कचरा दिसतो, नाहीतर ती काळीच राहते.

क्रोमबुक बनवताना हाच घोळ झाला होता. एआरएम चिपच्या मशीनमध्ये आत कोणतं पॅनेल आहे हे एका फाइलमध्ये आधीच लिहून ठेवावं लागायचं. प्रत्यक्षात कारखान्यात बसायचं दुसरंच. म्हणजे दारावर पाटी देशपांड्यांची आणि आत राहतात कुलकर्णी! २०२१ मध्ये गूगलच्या इंजिनीअर्सनी लिनक्समध्ये वेगळा मार्ग काढला. फाइलमध्ये फक्त 'इथे एक पॅनेल आहे' एवढंच लिहायचं. ड्रायव्हर आधी पत्रिका वाचणार, कंपनीची अक्षरं आणि प्रॉडक्टचा कोड जोडून एक आयडी बनवणार आणि मग तक्त्यात शोधणार. तक्त्यात प्रत्येक पॅनेलला एकच ओळ: आयडी, नाव आणि किती थांबायचं ते.

आणि तक्त्यात नावच नसेल तर? ड्रायव्हर अंदाजपंचे काही करत नाही. 'अनोळखी पॅनेल' अशी नोंद लॉगमध्ये करतो आणि चक्क सबुरीने घेतो. ओळखीच्या पॅनेलला बंद-चालूच्या मध्ये साधारण ५०० मिलिसेकंद पुरतात, तर अनोळखी पाहुण्याला तो २,००० देतो. माणसांनीही शिकावा असा फंडा आहे हा!

एक रोल नंबर, दोन विद्यार्थी

इथवर सगळं झक्कास. मग तक्त्यात नवीच भानगड उभी राहिली. काही पॅनेल्सचा आयडी अगदी सारखा, पण पत्रिका वेगळ्या आणि नावंही वेगळी! एकाच रोल नंबरवर दोन विद्यार्थी. हजेरी घ्यायची कशी? २०२४ मध्ये उपाय केला गेला. ईडीआयडीत १३ अक्षरांपर्यंत मजकूर लिहायच्या जागा असतात, तिथे बऱ्याच पॅनेल्सचं नाव सापडतं. आता ड्रायव्हर आधी आयडी आणि नाव दोन्ही जुळवून बघतो. नाही जुळलं तर नुसत्या आयडीवर काम भागवतो. रोल नंबर पुकारला, पण चेहराही पाहिला.

फोनची कथा याहून अवघड, कारण बहुतेक फोनच्या पॅनेलमध्ये ईडीआयडी नसतंच. पोको एफ१ आठवतो? २०१८ च्या ऑगस्टमध्ये भारतात आला आणि कॉलेजच्या पोरांनी उचलून धरला. त्यातही दोन प्रकारची पॅनेल्स होती, तियान्मा आणि ईबीबीजी. दोघांची कंट्रोलर चिपही वेगळी. लिनक्समध्ये या एकाच फोनसाठी आज दोन वेगळ्या फाइल्स आहेत. घरी हौसेने सिस्टीम टाकताना चुकीची निवडली, की स्क्रीन काही धड चालायची नाही.

एका ओळीची किंमत

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? सांगते. माझ्या टीममधल्या एकीने तिच्या क्रोमबुकची फुटलेली स्क्रीन बदलून घेतली. चित्र एकदम सही. पण झाकण मिटून लगेच उघडलं की स्क्रीन दोन सेकंद काळी. तिला वाटलं, पैसे पाण्यात गेले. आम्ही लॉग उघडला, तर तिथे तीच नोंद: अनोळखी पॅनेल. स्क्रीन ठणठणीत होती, ड्रायव्हरशी तिची फक्त ओळख नव्हती. पॅनेलची डेटाशीट मिळवली, आकडे बघून तक्त्यात एक ओळ घातली. विषय संपला!

पण डेटाशीट मिळाली म्हणून संपला. ती सहज कुणाला मिळत नाही. ती नसेल तर चांगला स्पेअर पार्टही ग्राहकाला डुप्लिकेट वाटतो, दुकानदार उगाच शिव्या खातो आणि धडधाकट स्क्रीन कचऱ्यात जाते. तक्त्यातल्या त्या ओळी कुणीतरी एकेक करून लिहिल्यात, म्हणून आपलं झाकण उघडताक्षणी चित्र दिसतं.

म्हणून एक काम आजच करा. विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. मॉनिटर्समध्ये जाऊन तुमच्या स्क्रीनच्या प्रॉपर्टीज, मग डिटेल्स आणि त्यात हार्डवेअर आयडीज. तिथे तीन अक्षरं आणि चार आकडी-अक्षरी कोड दिसेल. त्याचा फोटो काढून ठेवा. उद्या स्क्रीन फुटलीच, तर दुकानात नुसतं लॅपटॉपचं मॉडेल सांगू नका. हा कोड दाखवा आणि जुन्या पॅनेलच्या मागचं स्टिकरही नव्याशी ताडून बघायला सांगा. चांगला कारागीर वैतागणार नाही. उलट खूश होईल, की गिऱ्हाईक माहीतगार आहे!