बापही तोच, राजाही तोच



काल कीर्तन आटोपल्यावर एक माय थांबली. पाया पडली, पण उठेना. म्हणाली, "महाराज, पोरगं गेलं तेव्हा मी देवाला नाही नाही ते बोलले. तेव्हापासून देवघरात पाऊल टाकवत नाही. आता कुठल्या तोंडानं त्याच्यापुढं उभी राहू?" काल मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो. आणि ते उत्तर आणणार आहे यहुदी लोकांच्या घरून.

नवल करू नका. आपल्या कोकणात, अलिबागेच्या बाजूला, बेने इस्राएल नावाचे यहुदी शेकडो वर्षे राहिले. तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी त्यांचा शब्बाथ, घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. बोली मराठी. १८८० च्या सुमारास त्यांनी मराठीत कीर्तनेही सुरू केली. पद्धत आपली, आख्यान त्यांच्या धर्मग्रंथातले. तेव्हा हे घर काही परके नाही.

आता ऐका. त्या धर्मात देवाचा आदर फार मोठा. मूर्ती नाही. देवाचे चार अक्षरांचे नाम आहे, ते उच्चारायचे नाही. बोलताना नुसते 'हाशेम' म्हणतात, म्हणजे 'ते नाम'. नाम लिहिलेला कागद जीर्ण झाला तरी फेकत नाहीत. जपून ठेवतात, जमिनीत पुरतात. रोजची मुख्य प्रार्थना उभ्याने करायची, तिला अमिदा म्हणतात. आधी तीन पावले मागे सरायचे, मग तीन पावले पुढे यायचे, पाय जुळवून उभे राहायचे. प्रार्थना संपली की पुन्हा तीन पावले मागे सरून, वाकून निरोप घ्यायचा. राजाच्या दरबारात असावे तसे सगळे!

मग सांगा बरे, या दरबारात बोलायचे कसे, हा नियम त्यांनी कोणाकडून घेतला असेल? एखाद्या प्रधानाकडून? पंडिताकडून? नाही मायबाप. एका रडणाऱ्या बाईकडून.

तिचे नाव हन्ना. पोटी मूल नाही, वर सवतीचे टोमणे. शिलो नावाच्या क्षेत्री यात्रेला गेली आणि देवापुढे ढसढसा रडली. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. दाराशी एली नावाचा थोर पुजारी बसला होता. त्याला वाटले, ही दारू पिऊन आली. त्याने दटावले. तिने सांगितले की दारू नव्हे, दुःख आहे, ते देवापुढे रिते करते आहे. एलीने तिला आशीर्वाद दिला. पुढे तिला शमुवेल झाला.

तालमुद ग्रंथातल्या गुरूंनी तिच्यावरून नियम बांधला: अमिदा म्हणताना मन एकाग्र असावे, ओठ हलावेत, पण आवाज मोठा नसावा. त्याच ठिकाणी एक गुरू असेही म्हणतात, की हन्नाने देवाला चांगलेच सुनावले. तरी प्रार्थनेचा धडा तिचाच! बघा, दरबाराची रीत निघाली ती लेकराच्या हुंदक्यातून.

आणखी एक. त्यांचे नवे वर्ष, कोकणातले यहुदी त्याला नव्याचा सण म्हणत, तो देवाचे राजेपण गाण्याचा दिवस. त्याच दिवशी प्रार्थनामंदिरात हन्नाची कथा वाचतात. आणि त्या पर्वात देवाला हाक कोणती? आमच्या बापा, आमच्या राजा! आधी बाप, मग राजा. नुसता राजा म्हटले तर दुःख सांगायचे कोणाला? आणि नुसता बाप म्हटले तर आपण त्याला घरगडी करून टाकतो. काम झाले नाही की रुसलो, दार लावून घेतले.

माये, तू बोललीस ते त्याच्याशीच बोललीस ना? दुसऱ्या कोणाशी नाही. मग नाते तुटले कुठे? आता भीतीने मागे सरली आहेस. हरकत नाही. ती माणसेही रोज तीन पावले मागे सरतात, पण तिथेच थांबत नाहीत. पुढे येण्यासाठी मागे सरतात. तुझी मागची तीन झाली. आज घरी जा, देवघरात दिवा लाव, पुढची तीन टाक. शब्द सुचले नाहीत तर नुसते ओठ हलव. त्याला ऐकू येते.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल!